चौथाई

मी बोन्वासालो नोटरीकडचा कारकून.
करार लिहितो, वर वाळू टाकतो, फुंकतो.
जेनोवात मला कुणी ओळखत नाही,
माझ्या अक्षराला ओळखतात.

प्रत्येक करार देवाच्या नावाने उघडतो
आणि चौथाईवर मिटतो:
नफ्यातले तीन हिस्से पैसा घालणाऱ्याचे,
एक, जो जीव घालतो त्याचा.
बुडालं तर समुद्राचं.
देवाच्या हिश्श्याचं कलम कुठेच नाही.
एकदा मी विचारलं.
मालकांनी दौत माझ्याकडे सरकवली,
म्हणाले, शाई वाळतेय.

त्या वसंतात डोंगरापलीकडून सरदार उतरले.
खांद्यावर लाल फडक्याचा क्रूस, टाके अजून कच्चे,
घोडी जहाजाच्या पोटात पट्ट्यांनी टांगलेली,
आणि थैल्या रिकाम्या.
कुणी पाणचक्की गहाण टाकली होती मठाकडे,
कुणी रान, कुणी पुलावरची जकात.
एकाने तर माणसंच विकली,
म्हणजे
त्यांची त्यांनाच.

गान्दोल्फो त्यातला.
चाळीस सोल्दी मोजून
स्वतःला विकत घेतलेला.
चर्मपत्र पोटाशी धरून आला, वाचता येत नव्हतं.
"यात मी कुठे आहे, बोट ठेवून दाखवा."
दाखवलं.
नुकत्याच उभ्या राहिलेल्या वासराकडे बघावं
तसा तो त्या शब्दाकडे बघत राहिला.
आता बंदरावर पोती उचलतो.
उपाशी राहायलाही आता
कुणाची परवानगी लागत नाही,
असं तोच हसून सांगतो.

माबिलिया आली ती रडायला नव्हे.
रुबाल्दो आक्रेच्या लढाईला गेला त्याला पाच वर्षं झाली.
पहिल्या वर्षी तिने मेणबत्त्या लावल्या,
दुसऱ्या वर्षी मेणाचा भाव विचारला,
तिसऱ्या वर्षी मेण विकलं.
खलाशी सांगत आले: मेला नाही तो.
तिकडे दुकान टाकलंय, मांडी घालून बसतो,
आठवड्यातून दोनदा अंघोळ करतो,
आणि त्यांच्या भाषेत घासाघीस
इतकी गोड करतो, की देणारा वर चार दाणे टाकतो.

"नावापुढे काय लिहू," मी विचारलं,
"पत्नी की विधवा?"
ती बारा लिरा एकेक नाणं करून मेजावर रचत होती.
"भागीदार लिहा."
आणि त्याची चौथाई?
"चौथाईच. एक देनारही जास्त नाही."

जहाज शरदात परतलं.
मिरी, तुरटी, कापसाचे गठ्ठे,
आणि एका मडक्यात ते पांढरं,
ज्याला आमच्याकडे नाव नव्हतं.
खलाशांनी तिकडचंच आणलं होतं जिभेवर ठेवून,
वाटेत थोडं विरघळलेलं: झुक्कारो.
तिकडचेही म्हणे आणखी पूर्वेकडून घेतात,
माल आणि शब्द दोन्ही.
माबिलियाने बोट बुडवून चाटलं,
डोळे मिटले.
मग भाव विचारला.

त्याच जहाजातून एक मुलगा उतरवला.
गान्दोल्फोच दोरी धरून घेऊन आला,
माझ्याकडे न बघता.
मी लिहिलं: सारासेन, वय सुमारे बारा,
दात शाबूत, किंमत सहा लिरा.
नाव विचारलं नाही,
कराराला लागत नव्हतं.

आम्ही हल्ली कातड्यावर लिहीत नाही,
कातडं महाग, करार फार.
चिंध्या कुटून केलेला कागद येतो दमास्कसहून;
युद्ध चालू असो, नसो, गठ्ठे येतात.
मी वाळू झटकत होतो
तेव्हा त्या मुलाने हात पुढे केला,
पानाची कड अंगठा आणि बोटात धरली,
हलकेच चोळली,
नाकाशी नेली.

गान्दोल्फोने दोरी ओढली नाही.

मालक आतून म्हणाले, झालं का?
पानावर अंगठ्याचा ओला ठसा होता,
'सुमारे' या शब्दावर.
तो वाळेपर्यंत
मी फुंकलो नाही.